दानूभाऊंनी न मोजलेली भिंत

चि. आदित्य आणि चि. मीरा,

परवा फोनवर आदित्य म्हणाला, "आजी, खोलीच्या भिंतींना लाकडी पॅनेल लावायला घेतली आणि शेवटच्या कोपऱ्यात कमी पडली. माझं दानूभाऊचं माप झालं!" तुम्ही दोघं हसलात. मागून तुमचा बाबाही हसला. मी हसले नाही.

तुमचा यात दोष नाही. हा वाक्प्रचार बाबा शाळेत शिकला. आमच्या गावात ब्लाउजपीस कमी पडलं तरी शिंपी म्हणतो, दानूभाऊचं माप. जेवायला चार पानं जास्त झाली आणि आमटी पुरली नाही तरी दानूभाऊचं माप. आता तो वाक्प्रचार तुमच्याबरोबर कॅनडात पोचला. खोटी गोष्ट समुद्र ओलांडते आणि खरी गोष्ट गावच्या वेशीपर्यंतही जात नाही, याचा मला संताप येतो. हे ज्या खोलीत घडलं, तिथे तेव्हा जी माणसं होती, त्यांतली आता मी एकटीच उरले आहे. म्हणून लिहिते. गावाचं नाव घालत नाही. नागाव आणि रेवदंडा यांच्या मधलं एक, एवढं पुरे.

दानूभाऊ म्हणजे दानियेल वावेकर. सरकारी बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसियर. ते बेने इस्रायल, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचे मराठी बोलणारे ज्यू. गावात त्यांना शनवार तेली म्हणत, कारण पूर्वी त्यांचा धंदा घाण्यावर तेल काढायचा आणि शनिवारी त्यांचा घाणा बंद असायचा. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत काम नाही, विस्तव नाही, लेखणी नाही. आपल्या प्रार्थनामंदिराला ते मशीद म्हणत. पूर्वजांचं गलबत नवगावच्या खडकांवर फुटलं आणि जे वाचले त्यांचे आपण वंशज, असं दानूभाऊ मोठ्या अभिमानाने सांगत. "आम्ही या किनाऱ्यावर आलो ते बुडून आलो. पाहुणे म्हणून नाही."

माणूस गोड नव्हता. हे आधीच सांगते, नाहीतर मेलेल्या माणसावर आजीने साखर पेरली असं तुम्हाला वाटेल. उंच, हाडकुळा, खाकी हाफपँट आणि पांढरा सदरा. खिशात घडीची लाकडी फूटपट्टी आणि काखेत चामडी डबीतला कापडी टेप. आवाज असा, की वाडीतल्या नारळावरचे कावळे उडावेत. दुसऱ्याच्या घरी गेले की चहा येईपर्यंत डोळ्यांनी दाराच्या चौकटी तपासत आणि चहा आला की निकाल सांगत. तुमच्या आजोबांना म्हणाले होते, "डॉक्टर, तुमची ही चौकट डावीकडे झुकलीय. डावीकडे घरातलं कोण बसतं?"

'अंदाजे' हा शब्द त्यांना शिवीसारखा लागे. एकदा तुमचे आजोबा सहज म्हणाले, "दानूभाऊ, ही खोली अंदाजे बारा फूट असेल ना?" तर दानूभाऊ उठून उभेच राहिले. "डॉक्टर, तुम्ही ताप अंदाजे बघता का? अंदाज स्वयंपाकघरात ठेवावा माणसाने."

रिबकाकाकू, त्यांची बायको, माझ्याशेजारी तांदूळ निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "स्वयंपाकघरातला अंदाज चुकला असता ना, तर हे एवढे उंच झाले नसते. आडवे तर होतच नाहीत, तो माझा दोष नाही."

दानूभाऊ पुन्हा खाली बसले. त्यांना गप्प करणारं माणूस जगात ते एकच.

मी लग्न होऊन त्या गावात आले तेव्हा माझ्या पुस्तकांच्या खोलीला ओल येत असे. समुद्राकडची भिंत, जांभ्या दगडाची. तिला लाकडाचं अस्तर लावून घ्यावं असं ठरलं आणि दानूभाऊंना बोलावलं. मला वाटलं, टेप लावतील, लांबी गुणिले उंची करतील आणि सांगतील. त्यांनी आधी भिंतीवर हात फिरवला. मग तीच भिंत तीनदा मोजली: जमिनीशी, कमरेशी आणि डोक्याच्या वर. तिन्ही आकडे वेगळे आले. मी म्हटलं, "असं कसं?"

"बाई, भिंत खोटं बोलते. तिला तीनदा विचारायचं असतं." मी शाळेत इंग्रजी शिकवत असे, म्हणून ते मला बाईच म्हणत. "आणि समोरासमोरच्या भिंती सारख्या असतात हे फक्त तुमच्या भूमितीच्या पुस्तकात. आपल्याकडे जुन्या भिंतीला नवी भिंत जोडतात, गवंडी दोरी धरतो, दोरीला वारा लागतो. प्रत्येक भिंत वेगळी मोजा. सख्ख्या भावांची पागोटी एका मापाची नसतात."

मग त्यांनी हिशेब समजावला. लाकडी तक्ते कधी चौरस फुटांवर मागवायचे नाहीत. चौरस फुटांवर चटई विकतात. आधी दारं-खिडक्या वजा करायच्या, मग उरलेल्या भिंतीचे असे सारखे भाग पाडायचे की कोपऱ्यात अर्धा तक्ता यायला नको. वर पावसाळ्यासाठी थोडी जागा सोडायची, कारण आपल्या हवेत लाकूड फुगतं आणि त्याला फुगायला जागा ठेवली नाही तर ते फुटतं. मी मध्येच म्हटलं, "म्हणजे तक्त्याची रुंदी भिंतीवरून ठरते." ते म्हणाले, "शाबास. आता हे वाक्य गावात कुणालाही सांगायला जाऊ नका, कुणी ऐकणार नाही." ते अस्तर पुढे आमच्या घरात कित्येक पावसाळे टिकलं.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी गावाने सभागृह बांधायचं ठरवलं. खाडीकडे मिठाचं एक पडकं कोठार होतं, त्याची पश्चिमेची भिंत भक्कम होती. ती ठेवून बाकी तीन भिंती नव्या उभ्या केल्या. गावात तेव्हा उत्साह असा, की प्रत्येकाला आपल्या घरापेक्षा हे सभागृह सुंदर हवं होतं. आत चारी भिंतींना सागवानी तक्तपोशी, म्हणजे तक्त्यांचं अस्तर, करायची, प्रत्येक तक्त्यावर केवड्याच्या कणसाची नक्षी, असं ठरलं. नक्षी आमचा राघो मेस्त्री कोरणार होता. पण एवढं लाकूड कापायची सोय गावात नव्हती. तक्ते मापाप्रमाणे मुंबईच्या वखारीतून कापूनच यायचे होते. म्हणजे माप एकदाच जाणार होतं.

कमिटीचे चिटणीस अण्णासाहेब. वकिली सोडलेले, नारळाच्या वाड्या असलेले, ओटीवरच्या झोपाळ्यावरून गाव चालवणारे गृहस्थ. मोजमापासाठी दानूभाऊंचं नाव त्यांनीच सुचवलं, हेही सांगायला हवं. दानूभाऊंनी आयुष्यभर पुण्या-मुंबईत साहेबांच्या कचेऱ्या सजवल्या. स्वतःच्या गावात आमची ती पुस्तकांची खोली सोडली तर त्यांच्या हाताचं काही नव्हतं. त्या वेळी त्यांचे दोन्ही मुलगे इस्रायलला गेले होते आणि यांनाही बोलावत होते. हे म्हणत, "हे सभागृह होऊ दे. मग बघू."

मोजायचा दिवस शुक्रवार ठरला. दुपारी जेवून दानूभाऊ सभागृहाच्या दारात हजर. मीही होते, कारण महिला प्रतिनिधी म्हणून माझं नाव कमिटीत घातलं होतं. राघो मेस्त्री होता. चावी नव्हती. चावी अण्णासाहेबांकडे आणि अण्णासाहेब झोपलेले. त्यांना उठवायची गावात कुणाची छाती नव्हती. आम्ही उन्हात बसून राहिलो. दानूभाऊ पुन्हा पुन्हा सूर्याकडे बघत होते. अण्णासाहेब चहा घेऊन, पान लावून, चार वाजून गेल्यावर आले.

"थांबावं लागलं का वावेकर?"

"सूर्य थांबला असता तर माझं काही म्हणणं नव्हतं," दानूभाऊ म्हणाले.

टेपचं एक टोक मी धरलं. उत्तरेची भिंत झाली, पूर्वेची झाली, दक्षिणेची झाली, प्रत्येक तीनदा. तीन भिंतींचे आकडे कागदावर उतरले तोवर खिडकीतलं ऊन माडांच्या शेंड्यावर गेलं होतं. दानूभाऊंनी टेप गुंडाळला.

"पश्चिमेची राहिली. ती जुनी आहे, तिच्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. रविवारी उजाडताच मोजतो."

अण्णासाहेब म्हणाले, "अहो, एकच भिंत! पाच मिनिटांचं काम. उद्याच्या लाँचने माणूस मुंबईला जातोय."

"माणूस सोमवारी जाईल. भिंत कुठे जात नाही."

आणि आकड्यांचा कागद तिथेच ठेवून ते निघाले. घरी पोचून हातपाय धुऊन दिवा लागायच्या आत त्यांना बसायचं होतं. यात हट्ट कुठे होता? तुम्हीच सांगा. दुपारी चावी मिळाली असती तर सगळ्या भिंती मोजून ते ऊन असतानाच घरी पोचले असते.

शनिवारी सकाळी अण्णासाहेबांनी पूर्वेच्या भिंतीचा आकडा पश्चिमेच्या भिंतीसमोर लिहिला आणि कागद लाँचने पाठवून दिला. हे त्यांनी लपवलं नाही. मला रस्त्यात भेटले तेव्हा हसतच सांगितलं. "समोरासमोरच्या भिंती आहेत बाई. खोली आहे, शंकरपाळी नव्हे!"

रविवारी सकाळी दानूभाऊ टेप घेऊन आले आणि त्यांना हे कळलं. ते तडक अण्णासाहेबांच्या ओटीवर गेले. आवाज आमच्या घरापर्यंत येत होता. मी आणि तुमचे आजोबा धावलो.

"माझ्या आकड्यांत तुमचा आकडा? कुणाला विचारून?"

झोपाळा चालूच होता. "इतकं काय वावेकर? खोली आहे—"

"शंकरपाळीच आहे! म्हणून तर मोजायची! तार करा. वखारवाल्याला सांगा, पश्चिमेचं माप थांबव."

"तारेत काय लिहू? आमचे ओव्हरसियर शनिवारी बसून असतात म्हणून?"

ओटीवर बसलेली दोन-चार माणसं हसली. तुमचे आजोबा म्हणाले, "अण्णासाहेब, हे बोलणं बरं नाही." अण्णासाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दानूभाऊ एकदम हळू आवाजात म्हणाले, "चावी द्या. मी मोजून आकडा देतो. पुढचं तुम्ही बघा."

"आता आत लादी बसतेय. पाय ठेवता येणार नाही."

दानूभाऊ परत फिरले. कमिटीने स्वतः बोलावल्याशिवाय त्या खोलीत पाऊल ठेवणार नाही, असं त्यांनी तिथेच सांगितलं. कमिटीने बोलावलं नाही.

तक्ते आले. राघोने सुरेख काम केलं, केवड्याची कणसं अशी की हात लावून बघावं. उत्तर, पूर्व, दक्षिण, तिन्ही भिंतींवर तक्ते पिठाच्या डब्याच्या झाकणासारखे बरोबर बसले. चौथी भिंत शेवटी घेतली, उद्घाटनाच्या आदल्या दिवशी. मी पडदे लावायला गेले होते. राघो कोपऱ्यात उभा होता आणि त्याच्यापुढे वीतभर उघडी भिंत होती.

"बाय, लाकूड संपला," तो म्हणाला. "भित न्हाय संपली."

"अण्णासाहेबांना सांगितलंस?"

"सांगितला ना. मना म्हनतान, तुजे तक्ते आखूड झाले. मी बोललू, तक्ते मापाचे हायेत, भितच लांब हाय. तर बोलले, भित लांब कशी व्हईल, ती काय काकडी हाय?" राघोने पटाशी खाली ठेवली. "दानूभाऊ परत परत सांगत व्हते. पन त्यांचा कोन ऐकनार?"

दुसऱ्या दिवशी मुंबईहून मोठे पाहुणे आले. गाव लोटलं होतं. दानूभाऊंना निमंत्रण होतं, कारण न देण्याची हिंमत कुणाला झाली नाही, आणि निमंत्रण कमिटीचं असल्यामुळे ते आले. कोट घालून, रिबकाकाकूंबरोबर दुसऱ्या रांगेत बसले. पाहुण्यांनी नक्षीची तारीफ केली, मग त्यांची नजर त्या कोपऱ्यावर गेली. "हे तेवढं राहिलं वाटतं?"

अण्णासाहेब हसून म्हणाले, "आमच्या दानूभाऊंचं माप!"

सगळे हसले. पाहुणे हसले म्हणून मागचेही हसले, ज्यांना ऐकू आलं नव्हतं तेसुद्धा.

दानूभाऊ उभे राहिले. "ती भिंत मी मोजलेली नाही," ते म्हणाले. स्पष्ट म्हणाले. मी चार हातांवर होते.

"नंतर, वावेकर, नंतर," अण्णासाहेब म्हणाले आणि त्यांनी हात हलवला. तो हात पाहून पेटीवाल्याने स्वागतगीताचा सूर धरला आणि माझ्याच शाळेच्या मुली गायला लागल्या. दानूभाऊ उभेच. त्यांना उभं पाहून मागच्यांना वाटलं हे राष्ट्रगीत आहे. एकेक करत सगळं सभागृह उभं राहिलं. पाहुणेही गोंधळून उभे राहिले. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, सगळे बसले. दानूभाऊ मात्र काकूंना घेऊन बाहेर गेले. ते रागावून उभे होते हे कुणाला कळलंच नाही. आजही मला ते आठवलं की हातातलं काम खाली ठेवावं लागतं.

पुढच्या बैठकीत मी उभी राहिले. शुक्रवारी काय झालं, शनिवारी काय झालं, सगळं सांगितलं. तुमच्या आजोबांनी दुजोरा दिला. अण्णासाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "बाई, वीतभर लाकडासाठी गावात फूट पाडायची का?" झालं. सगळ्यांनी माना हलवल्या. जणू फूट मी पाडत होते. त्या वीतभरासाठी पुन्हा तक्ते मागवता आले असते. पण मागवायचे म्हटले तर कमी का पडले हे विचारावं लागलं असतं. म्हणून ती जागा तशीच ठेवून पुढे एक कपाट लावलं.

गावाला आयती गंमत मिळाली. वाक्प्रचार तयार झाला. बाजारात पोरं दानूभाऊंना पाहून हाताने वीत दाखवत. अलिबागच्या एका गुजराती व्यापाऱ्याने पेढीची तक्तपोशी त्यांच्याकडून मोजून घ्यायची ठरवली होती. त्याने निरोप पाठवला, "तकलीफ ना लेशो, दुसरा माणूस मळी गयो छे." नंतर कुणीच बोलावलं नाही. दानूभाऊ मात्र भेटेल त्याला सांगत राहिले, बाजारात, एस.टी.च्या थांब्यावर, मशिदीच्या दारात, "ती भिंत मी मोजलेली नाही." आधी लोक ऐकत, मग ऐकल्यासारखं करत, मग दुरून दिसले की रस्ता बदलत.

एकदा रिबकाकाकू माझ्याकडे आल्या. पुरणपोळ्यांचा डबा पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "सुमती, यांनी जन्मभर भिंती मोजल्या. आणि ज्या भिंतीला हात लावला नाही, तिच्यावर यांचं नाव लागलं." त्या रडल्या नाहीत. रागाने त्यांच्या हातातल्या बांगड्या वाजत होत्या.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी इस्रायलला जायचं नक्की केलं. लोक म्हणतात मुलांसाठी गेले. असेलही. वाडी विकली, भांडी वाटली. आमच्याकडे निरोप घ्यायला आले तेव्हा तुमच्या आजोबांना म्हणाले, "डॉक्टर, चौकट दुरुस्त करा," आणि मला म्हणाले, "बाई, जरा माझ्याबरोबर चला. टोक धरायला."

रेवस बंदराची गाडी सुटायला वेळ होता. थांब्यावर ट्रंकेवर रिबकाकाकू बसल्या होत्या. आम्ही सभागृहात गेलो. या वेळी त्यांनी कमिटीच्या बोलावण्याची वाट पाहिली नाही. सकाळी तिथे वर्तमानपत्रं वाचायला मंडळी असत. पश्चिमेच्या भिंतीला खुर्ची लावून अण्णासाहेब बसले होते. वय झालं होतं, चष्मा जाड झाला होता. दानूभाऊंना दारात पाहून सगळ्यांचे पेपर खाली आले.

दानूभाऊ कुणाशी बोलले नाहीत. राघो मेस्त्री बाहेर लाकूड तासत होता, त्याला खुणेने बोलावून त्यांनी कपाट सरकवून घेतलं. मग टेप काढून टोक माझ्या हातात दिलं. आधी जमिनीशी. टेप खुर्चीपाशी अडकला.

"पाय उचला, अण्णासाहेब."

अण्णासाहेबांनी पाय उचलले. खरंच उचलले, धोतर सावरून, लहान मुलासारखे, आणि आम्ही टेप पार करेपर्यंत तसेच धरून ठेवले.

दानूभाऊंनी आकडा मोठ्याने म्हटला. मग कमरेशी मोजून मोठ्याने म्हटला. मग डोक्यावर, हात उंच करून.  तिन्ही आकडे पूर्वेच्या भिंतीपेक्षा जास्त होते. 

त्यांनी टेप डबीत गुंडाळला. "मोजली," ते म्हणाले.

अण्णासाहेबांनी तोंड उघडलं, काही म्हणणार होते. पण दानूभाऊ वाट बघायला थांबले नाहीत. थांब्यावर काकू ओरडल्या, "अहो, झालं का? गाडी भरली!" ते म्हणाले, "झालं." खिडकीशी जागा मिळाली. गाडी वळेपर्यंत ते सरळ समोर बघत होते, आणि काकू मला हात करत होत्या.

दोघंही तिकडेच वारले. अण्णासाहेब गेले, राघो गेला, तुमचे आजोबा गेले. सभागृहाचं छप्पर दोनदा बदललं. तक्तपोशी अजून आहे. तीन भिंतींवर ती पूर्ण आहे. पश्चिमेच्या भिंतीवर, उत्तरेकडच्या कोपऱ्यात, कपाटामागे, वीतभर भिंत उघडी आहे.